शिल्लक जुळली का?



मोंढ्यातील एका आडतदार मित्राच्या पेढीवर आठवड्यातून एकदा तरी माझी फेरी असते. त्यांच्या कॅश क्रेडिट खात्याच्या निमित्ताने जुळलेला स्नेह मी निवृत्त झाल्यावरही टिकून आहे. परवा गेलो तेव्हा त्यांचा नातू पुण्याहून आलेला होता. संगणकाचे शिक्षण घेऊन तेथेच नोकरी करणारा, हुशार आणि स्पष्टवक्ता मुलगा. बोलता बोलता मतदानाचा विषय निघाला. त्याचे नाव अजून परभणीच्याच यादीत आहे, पण मतदानासाठी यायचे नाही असे त्याने ठरवले होते.

"आजोबा, परदेशात बसलेला माणूस लॅपटॉपवरून इथला निकाल फिरवू शकत असेल, तर मी रात्रभर रेल्वेत जागून यायचे कशासाठी?"

माझे मित्र हसले आणि माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "साहेबांना विचार. यांनी चौतीस वर्षे दुसऱ्यांचे पैसे मोजलेत."

त्या मुलाला मी लगेच खोडून काढले नाही, कारण परदेशी हॅकर हे काही बागुलबुवाचे नाव नव्हे. तो महाराष्ट्रात येऊन गेलेला आहे. ११ ऑगस्ट २०१८, शनिवार. पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेच्या एटीएम यंत्रणेत बाहेरून शिरकाव झाला. एटीएममध्ये कार्ड घातल्यावर 'या खात्यात पैसे आहेत का, द्यायचे का' हा प्रश्न ज्या संगणकाकडे जातो, त्याच्या जागी चोरांनी आपला बनावट जाबदेणारा बसवला. तो प्रत्येक वेळी 'द्या' असेच उत्तर देत राहिला. काही तासांत २८ देशांतील एटीएममधून, अगदी आपल्या कोल्हापुरातीलसुद्धा, रोकड निघाली. सोमवारी १३ तारखेला आणखी १३ कोटी ९२ लाख रुपये हाँगकाँगच्या एका खात्यात वळवले गेले. एकूण फटका ९४ कोटी रुपयांवर. पुढे संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ समितीने या चोरीचा संबंध उत्तर कोरियाशी जोडला. मी तेव्हा निवृत्त झालो होतो, तरी ती बातमी वाचून दोन रात्री नीट झोप लागली नाही. आमच्या पिढीची कल्पना अशी की तिजोरीला दोन किल्ल्या, एक अधिकाऱ्याकडे आणि एक रोखपालाकडे, म्हणजे काम झाले. येथे किल्लीला हात न लावता तिजोरी रिकामी झाली होती.

मग मतदानयंत्राचे असे होणार नाही कशावरून? कॉसमॉसमध्ये चोर आत आले ते तारेवाटे. बँकेचा संगणक जगाशी जोडलेला होता, तो जोडलेला असल्याखेरीज एटीएम चालतच नाही. आपल्याकडील मतदानयंत्राला इंटरनेट नाही, सिम नाही, दुसऱ्या कोणत्याही संगणकाशी जोडणी नाही. प्रत्येक केंद्रावरचे यंत्र म्हणजे आपापली रोकडवही घेऊन बसलेला स्वतंत्र मुनीम. शिवाय बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्समध्ये किंवा हैदराबादच्या इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशनमध्ये यंत्र तयार होते तेव्हा जिंतूर किंवा गंगाखेडला तिसऱ्या बटणासमोर कोण उमेदवार येणार हे ब्रह्मदेवालाही ठाऊक नसते. उमेदवारांचा क्रम अर्ज मागे घेण्याची मुदत संपल्यावर ठरतो. कोणते यंत्र कोणत्या केंद्रावर जाणार हेही दोनदा सरमिसळ करून ठरवले जाते.

मुलगा ऐकत होता, पण तो कच्चा नव्हता. म्हणाला, "आणि व्हीव्हीपॅट? त्यात चिन्हे संगणकावरूनच भरतात ना?"

बरोबर होते त्याचे. कागदी चिठ्ठी छापणाऱ्या व्हीव्हीपॅटमध्ये उमेदवारांची नावे आणि चिन्हे एका छोट्या उपकरणातून भरली जातात. तेवढ्या टप्प्यावर यंत्राला कोणत्या बटणाचा धनी कोण हे कळते. जाणकार टीकाकारांचे बोट याच जागेवर आहे आणि सर्वोच्च न्यायालयाने त्याची दखल घेतली. योगायोग असा की तो निकाल २६ एप्रिल २०२४ रोजी आला, ज्या दिवशी परभणी लोकसभा मतदारसंघात आपण रांगेत उभे होतो. न्या. संजीव खन्ना आणि न्या. दीपंकर दत्ता यांनी कागदी मतपत्रिकेकडे परतण्याची मागणी फेटाळली, पण दोन गोष्टी नव्याने घातल्या. चिन्हे भरणारी उपकरणे निकालानंतर ४५ दिवस मोहोरबंद ठेवायची, आणि दुसऱ्या व तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराने सात दिवसांत लेखी मागितल्यास विधानसभा क्षेत्रातील पाच टक्के यंत्रांच्या चिपची तपासणी यंत्र बनवणाऱ्या कंपनीच्या अभियंत्यांकडून करायची. खर्च मागणाऱ्याचा, फेरफार सापडला तर परत. मतदान चालू असतानाच दिल्लीत हे वाचले जात होते. परभणीच्या रांगेतील किती जणांना त्याची खबर होती, कोण जाणे.

दूरवरून नाही, पण हाताने यंत्र बिघडवता येते का? येते. याचा धडाही महाराष्ट्रातलाच आहे. २०१० मध्ये हैदराबादचे अभियंते हरिप्रसाद, अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाचे ॲलेक्स हॅल्डरमन आणि नेदरलँड्सचे रॉप गोंग्रिप यांनी एका खऱ्या भारतीय मतदानयंत्रावर प्रयोग करून दाखवला. आकडे दाखवणारी पाटी बदलून तिच्या जागी हुबेहूब दिसणारी दुसरी बसवली, आणि ती मोबाइलच्या इशाऱ्यावर हवा तो निकाल दाखवू लागली. ते यंत्र मुंबईतील सरकारी गोदामातून चोरीस गेल्याच्या आरोपावरून हरिप्रसाद यांना त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अटक झाली. त्या वेळी चर्चा झाली ती परकीय शास्त्रज्ञांचा हेतू काय याची. बँकवाल्याच्या मनात मात्र वेगळाच प्रश्न येतो. गोदामाची किल्ली कोणाकडे होती? प्रयोग काही मिशिगनमधून आपल्या यंत्रात शिरून झाला नव्हता. यंत्र कोणाच्या तरी हातून बाहेर पडले म्हणून तो झाला. त्या यंत्रांना कागदी चिठ्ठी नव्हती. ती आली नंतर, सर्वोच्च न्यायालयाच्या ८ ऑक्टोबर २०१३ च्या निकालानंतर टप्प्याटप्प्याने.

आता ज्या दाव्यामुळे आमच्या या नातवाने रेल्वेचे तिकीट काढायचे नाही असे ठरवले, त्याकडे येतो. जानेवारी २०१९ मध्ये लंडनच्या एका पत्रकार परिषदेत सय्यद शुजा नावाचा इसम तोंड झाकून पडद्यावरून बोलला. २०१४ ची निवडणूक यंत्रे हॅक करून जिंकली गेली आणि आपण ती यंत्रे बनवणाऱ्या चमूत होतो, असे त्याचे म्हणणे. हैदराबादच्या कंपनीने सांगितले, हा आमच्याकडे कधीच नोकरीला नव्हता. पुरावा त्याने काहीही दिला नाही. तोच माणूस नोव्हेंबर २०२४ मध्ये, आपल्या विधानसभा निवडणुकीनंतर, एका चित्रफितीतून पुन्हा प्रकटला. महाराष्ट्रातील यंत्रांची फ्रिक्वेन्सी पकडून ती आपण हॅक करू शकतो म्हणे. ज्या यंत्राला लहर पकडणारे अंगच नाही त्याची फ्रिक्वेन्सी! राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांनी मुंबईच्या सायबर पोलिसांकडे गुन्हा नोंदवला. ती चित्रफीत मात्र आपल्या समाजाच्या व्हॉट्सॲप गटांवर, पर्युषणाच्या क्षमापनेचे संदेश जितक्या वेगाने फिरतात त्याहून अधिक वेगाने फिरली. मला स्वतःला ती पाच जणांनी पाठवली. पाचही जण व्यापारी, आणि पाचही जण कोणी दहा हजारांचा धनादेश दिला तर सही ताडून घेणारे.

याच धंद्याची गावठी आवृत्ती आपल्या शेजारी, छत्रपती संभाजीनगरला मे २०२४ मध्ये उघड झाली. विधान परिषदेचे तेव्हाचे विरोधी पक्षनेते अंबादास दानवे यांना लष्करातील एक जवान भेटला. 'यंत्रात चिप बसवून तुमची मते वाढवून देतो, अडीच कोटी द्या.' घासाघीस होऊन सौदा दीड कोटीवर आला. दानवे यांनी पोलिसांना कळवले आणि विसाराची एक लाखाची रक्कम घेताना तो पकडला गेला. पोलिसांच्या म्हणण्यानुसार त्याला यंत्राची काही माहिती नव्हती, डोक्यावर कर्ज होते. जमिनीतले गुप्तधन काढून देणारे मांत्रिक आपल्या मराठवाड्याला नवे नाहीत. मंत्राच्या जागी चिप आली एवढेच.

परंतु इथे थांबून 'सगळे आलबेल आहे' असे म्हणणाऱ्यांच्या रांगेतही मी उभा राहणार नाही. यंत्राच्या भोवती बरेच काही असे आहे जे तारेला जोडलेले आहे. मतदार यादी ऑनलाइन आहे. २०२४ च्या विधानसभेपूर्वी चंद्रपूर जिल्ह्यातील राजुरा मतदारसंघात नव्या नोंदणीचे सहा हजारांहून अधिक ऑनलाइन अर्ज बोगस निघाले. ते नाकारले गेले, गुन्हाही दाखल झाला. अर्ज करणारे कोण, हे शोधणे मात्र ते नाकारण्याइतके सोपे नसते. निकालाचे आकडे दाखवणारी संकेतस्थळेही जोडलेलीच. मे २०१४ मध्ये युक्रेनच्या निवडणूक आयोगाच्या संगणकात परकीय हल्लेखोर शिरले आणि भलताच उमेदवार विजयी दाखवण्याची तयारी करून बसले. ऐन वेळी ते उघडकीस आले. तेथे मते कागदावर होती, ती कोणी बदलू शकत नव्हते. पण खोटा निकाल तासभर जरी झळकला असता, तरी खऱ्या निकालावर कोणाचा विश्वास बसला असता? २०१६ मध्ये रशियाच्या लष्करी गुप्तहेरांनी अमेरिकेतील इलिनॉय राज्याच्या मतदार नोंदणीत प्रवेश मिळवला. तेथील सिनेटच्या समितीला एकही मत बदलल्याचा पुरावा मिळाला नाही. नुकसान झाले ते वेगळ्याच खात्यात.

यंत्र आणि त्याच्या भोवतीची तार यांत गल्लत झाली की काय होते, ते जून २०२४ मध्ये गोरेगावला दिसले. मुंबई वायव्य मतदारसंघात रवींद्र वायकर ४८ मतांनी निवडून आले. मतमोजणी केंद्रात त्यांच्या एका नातेवाइकाच्या हाती मोबाइल सापडला आणि 'ओटीपीने मतदानयंत्र उघडले' अशी बातमी छापून आली. वस्तुतः तो ओटीपी आकडे संगणकात भरण्याच्या प्रणालीत शिरण्यासाठी होता, यंत्राला ओटीपी लागतच नाही. निवडणूक अधिकारी वंदना सूर्यवंशी यांनी तसे स्पष्ट केले आणि वृत्तपत्राने चूक मान्य केली. पण त्याच दोन दिवसांत इलॉन मस्क यांनी मतदानयंत्रेच रद्द करावीत असे लिहिले. त्यांचे बोलणे प्वेर्तो रिकोतील गोंधळावरून होते, आपल्याकडे ते गोरेगावच्या बातमीला येऊन चिकटले. दोन वेगळ्या गावांच्या पावत्या एकाच खतावणीत घातल्या की जो हिशेब तयार होतो तो तयार झाला. तरीही अनधिकृत मोबाइल मतमोजणीच्या खोलीत गेला कसा, हा प्रश्न खोट्या बातमीमुळे खोटा ठरत नाही.

तत्त्वार्थसूत्रात सत्याणुव्रताचे जे पाच अतिचार सांगितले आहेत, त्यांत 'कूटलेखक्रिया' आणि 'न्यासापहार' ही दोन नावे आहेत. खोटा लेख तयार करणे, आणि विश्वासाने ठेवलेली ठेव हडपणे. मत ही माझ्या दृष्टीने ठेवच आहे, आणि जो ती ठेव ठेवतो त्याला पावती मागण्याचा हक्क आहे. पण त्याच पाचांत 'मिथ्योपदेश' आणि 'रहोभ्याख्यान' यांनाही जागा आहे, हे चित्रफीत पुढे ढकलणाऱ्या पाचही मित्रांना मी कळवले. दोघांचे उत्तर आले. एकाने लिहिले, "साहेब, मी फक्त फॉरवर्ड केले." एखादी बनावट नोट पुढे चालवणाराही हेच म्हणतो.

अनेकांताचे नाव घेऊन गुळमुळीत बोलण्याची आपल्याकडे एक पद्धत आहे, म्हणून आकडेच मांडतो. नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभा निकालात प्रत्येक मतदारसंघातील पाच केंद्रांच्या चिठ्ठ्या मोजून यंत्राच्या आकड्याशी ताडल्या गेल्या. २८८ गुणिले पाच, म्हणजे १४४० यंत्रे. कोठेही फरक आढळला नाही, असे आयोगाने जाहीर केले. ही केंद्रे उमेदवारांच्या माणसांसमोर चिठ्ठी टाकून निवडतात. राज्यातील लाखभर केंद्रांपैकी शेकडा एका केंद्रावर जरी लबाडी झाली असती, तरी १४४० च्या सोडतीत त्यांतले एकही न सापडण्याची शक्यता जवळपास वीस लाखांत एक आहे. म्हणजे राज्यभर घाऊक हॅकिंग झाले हे म्हणणे आकड्यापुढे टिकत नाही. पण हाच हिशेब एका मतदारसंघापुरता करून पाहा. तीनशे केंद्रांपैकी दहांत गडबड असेल, तर पाचांच्या सोडतीत ती सहांतून साधारण एकदाच सापडेल. निकाल ४८ मतांवर अडलेला असताना हा नमुना मला लेखापरीक्षक म्हणून पुरेसा वाटला नसता. अटीतटीच्या ठिकाणी पाचाऐवजी अधिक चिठ्ठ्या मोजायला काय हरकत आहे? वेळ लागेल म्हणतात. शाखेची शिल्लक जुळली नाही तर आम्ही रात्री अकरापर्यंत बसत होतो.

आयोगाच्या आणखी एका गोष्टीशी माझे जमत नाही. बँकेने खतावण्या आणि व्हाउचरे आठ वर्षे जपावीत असा १९८५ पासून नियम आहे. निवडणूक आयोगाने मात्र मे २०२५ मध्ये, न्यायालयात आव्हान नसेल तर मतदान व मोजणीचे चित्रीकरण ४५ दिवसांनी काढून टाकता येईल अशी सूचना दिली. त्याआधी डिसेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने असे चित्रीकरण सर्वसामान्यांना पाहता येणार नाही असा नियमबदल केला होता. गैरवापर होतो हे कारण खरे असेलही. पण संशय वाढत असताना कपाटाला कुलूप लावणारा मॅनेजर ठेवीदारांच्या मनात काय निर्माण करतो ते मी डोळ्यांनी पाहिले आहे. नव्वदच्या दशकात मी एका तालुक्याच्या शाखेत होतो. समोरच्या एका लहान पतसंस्थेविषयी सकाळी अफवा उठली आणि दुपारपर्यंत रांग रस्त्यावर आली. संस्थेच्या व्यवस्थापकाने शटर अर्धे ओढले. तेवढे अर्धे शटर पुरले. संस्थेत खरोखर किती पैसे होते हे विचारायला त्यानंतर कोणी थांबले नाही.

मारकडवाडीचे मला तसेच वाटते. सोलापूर जिल्ह्यातील माळशिरस तालुक्याच्या या गावाने ३ डिसेंबर २०२४ रोजी स्वतःच्या खर्चाने कागदी मतपत्रिकेवर पुन्हा मतदान घेऊन पाहण्याचे ठरवले. नवल असे की तक्रार होती ती निवडून आलेल्या आमदारांच्या, उत्तमराव जानकरांच्या, समर्थकांची. गावात अपेक्षेपेक्षा कमी मते कशी निघाली, हा त्यांचा प्रश्न. प्रशासनाने जमावबंदी लावली, बंदोबस्त आला, मतदान झाले नाही, गुन्हे नोंदले गेले. कायद्याने पाहता असे मतदान घेण्याचा अधिकार गावाला नाही आणि त्याने काही सिद्धही झाले नसते. दुसऱ्यांदा तीच माणसे तसेच मत देतील याची हमी काय? पण गावाला गप्प करण्यापेक्षा त्याच केंद्रांच्या मूळ चिठ्ठ्या गावकऱ्यांसमोर मोजण्याची काही सोय कायद्यात असती, तर एका दुपारचे काम होते. त्याच आठवड्यात, ६ डिसेंबरला, रुमानियाच्या घटनात्मक न्यायालयाने समाजमाध्यमांवरील परकीय मोहिमेच्या संशयावरून अध्यक्षपदाची अख्खी पहिली फेरी रद्द केली. मतपत्रिका तेथे कागदाच्याच होत्या.

आणि आपल्या नगरपालिकांचे काय? सेलू, जिंतूर, मानवत, पाथरी येथे आपली माणसे सर्वाधिक हिरिरीने उतरतात ती नगरपालिकेत. या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो, आणि तेथे व्हीव्हीपॅट वापरले जात नाही. एका प्रभागात अनेक जागा असल्याने तांत्रिक अडचण आहे, असे कारण दिले जाते. दोन-दोन शे मतांवर जेथे निकाल फिरतात नेमकी तेथेच चिठ्ठी नाही. हॅकिंगच्या चित्रफिती पाहणाऱ्यांपैकी याविषयी तक्रार करणारा मला आजवर भेटलेला नाही.

हे सर्व ऐकून घेतल्यावर नातू म्हणाला, "मग आजोबा, मी एकटा काय तपासणार?"

मी त्याला नमुना १७-क विषयी सांगितले. मतदान संपल्यावर केंद्राध्यक्ष या कागदावर यंत्राचा क्रमांक आणि पडलेली एकूण मते लिहून सही करतो आणि त्याची प्रत हजर असलेल्या प्रत्येक उमेदवाराच्या प्रतिनिधीला देतो. मोजणीच्या दिवशी तोच क्रमांक आणि तीच एकूण संख्या निघाली पाहिजे. ही झाली शाखेची बंद शिल्लक आणि दुसऱ्या दिवशीची सुरुवातीची शिल्लक. सकाळी मतदान सुरू होण्याआधी प्रतिनिधींसमोर किमान पन्नास मते टाकून यंत्र तपासतात आणि मग ती पुसतात. लंडन, अमेरिका, उत्तर कोरिया कोठूनही कोणी काही केले, तरी त्याला या दोन टोकांमधून जावे लागते, आणि दोन्ही टोकांना आपला माणूस बसू शकतो.

बसतो का? १५ ऑक्टोबर २०१४ च्या विधानसभा मतदानाला मी सूक्ष्म निरीक्षक म्हणून जिल्ह्यातील एका केंद्रावर होतो. सकाळच्या चाचणीला पाच उमेदवारांचे प्रतिनिधी अपेक्षित होते, दोघे आले. सायंकाळी यंत्र बंद करताना एकच उरला होता, आणि त्यानेही प्रत दुमडून न वाचता खिशात घातली. केंद्राध्यक्ष बिचारे चार प्रती हातात घेऊन नावे पुकारत होते. गेलेल्यांपैकी एक आपल्याच समाजातला तरुण होता. त्याचा दोष नव्हता. त्याचा चौविहार होता, सूर्यास्ताआधी घरी पोहोचून जेवायचे, म्हणून तो पाचलाच उठला. मतदान सहाला संपले, रांगेतले शेवटचे मत त्यानंतर पडले.

हे सांगितल्यावर माझे मित्र बराच वेळ काही बोलले नाहीत. मग नातवाला म्हणाले, "येणार असशील तर आजी डबा देईल. साडेचारलाच खाऊन घ्यायचे, पाणीही तेव्हाच."

नातवाने मोबाइल काढून रेल्वेचे वेळापत्रक पाहायला सुरुवात केली. मी आडतीच्या कोऱ्या पट्टीच्या पाठीमागे १७-क चे रकाने त्याला आखून दिले : यंत्राचा क्रमांक, यादीतील मतदार, नोंदवहीतील सह्या, यंत्रातील एकूण मते. शेवटच्या रकान्याकडे बोट दाखवून त्याने विचारले, "आणि हे दोन आकडे जुळले नाहीत तर?"

"तर तिथून उठायचे नाही," त्याचे आजोबा म्हणाले.